बोकडाचा खरा रंग

मंडळी, देवनारचं नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकलं असेल. मुंबईच्या पूर्व उपनगरात, गोवंडी स्टेशनापासून जवळच हे ठिकाण आहे. पूर्वी हे एक गावच होतं. आज तिथे वस्ती दाटली आहे. मुंबई महानगरपालिकेचा मोठा कत्तलखाना तिथे आहे. तो १९७१ साली सुरू झाला. त्याच्या आवारात जनावरांचा बाजार भरतो. बकरी ईद जवळ आली की राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश आणि आपल्या महाराष्ट्रातले शेळीपालक आपापले बोकड घेऊन तिथे येतात.

अशाच एका बाजारात आम्ही गेलो होतो. आमच्याबरोबर एक डिजिटल कॅमेरा होता. पाऊस भुरभुरत होता. बाजारात जागोजागी निळ्या प्लॅस्टिकच्या ताडपत्र्या बांधल्या होत्या. खाली चिखल आणि वर ताडपत्री, अशा जागी माणसं आणि जनावरं दाटीनं उभी होती.

तिथे धाराशिव जिल्ह्यातले एक शेळीपालक भेटले. वयानं मोठे. सगळे त्यांना मामा म्हणत. आम्हीही मामाच म्हणू लागलो. मामांजवळ अकरा बोकड होते. दहा काळे, उस्मानाबादी जातीचे. एक मात्र पांढरा शुभ्र. मामांचं सगळं लक्ष त्या पांढऱ्यावर होतं. त्याचा दर चांगला येईल, अशी त्यांची आशा होती.

पण मामा बसले होते डोक्याला हात लावून.

आम्ही विचारलं, “मामा, काय झालं?”

मामा म्हणाले, “काय सांगायचं बगा! काल राती गिऱ्हाइकाला फोनवर फोटू धाडला. ठरलेलं गिऱ्हाईक होतं. आज सकाळी त्यो म्हनतो, ‘चाचा, बकरा पिवळा दिसतो. काविळीचा तर नाही? मला नको.’ आता तुमीच बगा, पिवळा हाय का ह्यो?”

बोकड पिवळा नव्हता. आजारीही नव्हता. मग फोटोत पिवळा कसा दिसला?

आम्ही म्हटलं, “थांबा मामा. आमच्याजवळ चांगला कॅमेरा आहे. आम्ही फोटो काढतो.” आम्ही मोठ्या तोऱ्यात फोटो काढला. मामांना दाखवला. मामा बघतच राहिले. आमच्या फोटोत बोकड निळा दिसत होता!

मग आम्हीही मामांच्या शेजारी बसलो, आणि कॅमेऱ्याच्या खुंट्या नीट समजून घेऊ लागलो. त्या दिवशी जे कळलं, तेच आज तुम्हाला सांगणार आहोत.

उजेडालाही रंग असतो

रात्री मामांनी फोटो काढला, तेव्हा वर पिवळा दिवा होता. सकाळी आम्ही काढला, तेव्हा वर निळी ताडपत्री होती. बोकड तोच होता. उजेड मात्र वेगळा होता.

उजेडाला रंग असतो, हे चटकन पटत नाही. पण लोहाराची भट्टी आठवा. लोखंड तापू लागलं की आधी लाल होतं. आणखी तापलं की नारिंगी होतं, मग पिवळं. फारच तापलं की पांढरट दिसतं. म्हणजे जसा ताप, तसा उजेडाचा रंग. शास्त्रज्ञांनी याच गोष्टीवरून उजेडाच्या रंगाला आकडे दिले. या मापाला केल्विन म्हणतात.

मेणबत्तीचा उजेड सुमारे १९०० केल्विन. जुन्या काचेच्या तारेच्या बल्बचा सुमारे २८००. दुपारच्या उन्हाचा सुमारे ५५००. ढगाळ दिवशी किंवा निळ्या आभाळाखाली सावलीत हा आकडा ७०००च्याही वर जातो. आकडा लहान असला तर उजेड तांबूस-पिवळा. आकडा मोठा असला तर उजेड निळसर.

हल्लीच्या एलईडी दिव्याचं खोकं उलटून पाहा. त्यावर ३००० किंवा ६५०० असा आकडा छापलेला असतो. पुढे ‘के’ हे इंग्रजी अक्षर असतं. तो हाच आकडा. ३०००चा दिवा पिवळा, ६५००चा दिवा पांढरा-निळसर.

आता तुम्ही विचाराल, “मग आपल्याला हा फरक का दिसत नाही? दिव्याखाली पांढरं धोतर पांढरंच दिसतं. उन्हातही पांढरंच दिसतं.”

प्रश्न अगदी बरोबर आहे. याचं कारण, आपला डोळा आणि मेंदू मिळून काम करतात. धोतर पांढरं आहे, हे मेंदूला ठाऊक असतं. उजेड पिवळा असला, तर तेवढा पिवळेपणा तो मनातल्या मनात वजा करतो. कॅमेऱ्याला असं शहाणपण जन्मतः नसतं. समोरून जो उजेड येईल, तो तो टिपतो. वजाबाकी त्याला करायला लावावी लागते.

तराजूचा पासंग

डिजिटल कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे एक लहान चौकोनी पट्टी असते. तिला सेन्सर म्हणतात. तिच्यावर प्रकाश टिपणारी लाखो बारीक घरं असतात. काही घरांवर तांबडी काच, काहींवर हिरवी, काहींवर निळी. खरं म्हणजे ती काच नव्हे, रंगीत थर असतो. हिरवी घरं दुप्पट असतात, कारण आपला डोळा हिरव्या उजेडाला सर्वांत तीक्ष्ण असतो. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांनी ही मांडणी काढली. १९७६ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत आणि फोनांत हीच मांडणी असते.

तांबडा, हिरवा, निळा, या तीन रंगांच्या मापावर फोटोतला प्रत्येक रंग ठरतो. तिन्ही सारखे मिळाले की पांढरा किंवा राखाडी. पिवळ्या दिव्याखाली तांबडं जास्त येतं, निळं कमी येतं. म्हणून पांढरा बोकड पिवळा होतो. निळ्या ताडपत्रीखाली निळं जास्त येतं. म्हणून तोच बोकड निळा होतो.

हा तराजूसारखाच प्रकार आहे. आपण बाजारात माल जोखायला देतो, तेव्हा आधी काय पाहतो? रिकामी पारडी समान आहेत की नाहीत, ते पाहतो. एक पारडं खाली असलं, तर त्याला पासंग आहे म्हणतो. पासंग काढल्याशिवाय तोल खरा होत नाही. उजेडालाही असाच पासंग असतो. तो काढण्यासाठी कॅमेऱ्यात जी सोय असते, तिला ‘व्हाइट बॅलन्स’ म्हणतात. म्हणजे पांढऱ्याचा तोल.

चित्रं वाचा

इंग्रजी येत नसलं तरी घाबरू नका. ही सोय चित्रांत दिलेली असते.

सूर्याचं चित्र, म्हणजे ऊन. ढगाचं चित्र, म्हणजे ढगाळ दिवस. घर आणि शेजारी तिरप्या रेघा, म्हणजे सावली. बल्बचं चित्र, म्हणजे पिवळा दिवा. आडव्या नळीचं चित्र, म्हणजे ट्यूबलाइट. विजेच्या बाणाचं चित्र, म्हणजे कॅमेऱ्याचा स्वतःचा लखलखाट, फ्लॅश.

जिथे उभे असाल, तिथला उजेड ओळखा. तसं चित्र निवडा. झालं! कॅमेरा पासंग काढतो. मामांनी रात्री फोनच्या कॅमेऱ्यात बल्बचं चित्र निवडलं असतं, तर बोकड पुष्कळसा पांढरा दिसला असता. अनेक फोनांत ‘प्रो’ नावाच्या भागात ही चित्रं किंवा केल्विनचे आकडे सापडतात.

आकडे असतील, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. तुम्ही आकडा वाढवला की फोटो पिवळट होतो. आकडा कमी केला की निळसर होतो. हे उलटं का? कारण तुम्ही कॅमेऱ्याला सांगत असता, “इथला उजेड निळा आहे.” मग तो निळा कमी करण्यासाठी पिवळा वाढवतो.

चित्रांच्या यादीत सगळ्यांत आधी ‘ऑटो’ असतं. म्हणजे कॅमेऱ्यानं आपल्या अंदाजानं करावं. उन्हात हा अंदाज बहुधा बरोबर येतो. पण तो फसतोही. सगळ्या फोटोत तांबडा बोकडच भरलेला असला, तर कॅमेऱ्याला वाटतं, उजेडच तांबडा आहे. मग तो तांबडा रंग कमी करतो आणि बोकड फिका पडतो.

कोरा कागद

निळ्या ताडपत्रीचं चित्र कुठल्याच कॅमेऱ्यात नसतं. मग तिथे काय करावं?

एक कोरा पांढरा कागद घ्यावा. जिथे बोकड उभा आहे, तिथेच तो धरावा. कागदानं सगळी चौकट भरेल असा त्याचा फोटो काढावा. मग कॅमेऱ्याला सांगावं, “हा पांढरा आहे, असं धर.” बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत ही सोय असते. त्यापुढे त्याच उजेडात काढलेले फोटो खऱ्या रंगात येतात. कागद मळका किंवा जुना पिवळा नको. त्याच्यावर आपली सावलीही पडू देऊ नये. आणि जागा बदलली की कागद पुन्हा दाखवावा. नाहीतर पहिल्या जागेचा पासंग दुसऱ्या जागी काढला जाईल.

आम्ही मामांच्या हिशेबाच्या वहीचा कोरा कागद घेतला. तो दाखवून फोटो काढला. बोकडाचं तोंड पांढरं आलं. पण मागची बाजू नारिंगी आली! कारण मागे दिवा चालू होता. दोन रंगांचे उजेड एकत्र आले की एकच पासंग काढून भागत नाही.

शेवटी आम्ही बोकडाला ताडपत्रीबाहेर, मोकळ्या आभाळाखाली आणलं. पाऊस थांबला होता. ढगाचं चित्र लावलं. फोटो छान आला. मामा म्हणाले, “एवढंच करायचं हुतं व्हय!”

होय, पहिला उपाय तोच. जमेल तर दिवसाच्या चांगल्या उजेडात यावं. रस्त्यावरच्या जुन्या सोडियमच्या पिवळ्या दिव्यांखाली तर दुसरा उपायच नाही. त्या दिव्यांत बाकीचे रंग फारच थोडे असतात. जो रंग उजेडातच नाही, तो कॅमेरा कुठून आणणार?

कमी उजेडात काय करावं?

दर वेळी दिवस कसा मिळेल? संध्याकाळी गोठ्यातही फोटो काढावा लागतो. तेव्हा दुसरी खुंटी उपयोगी पडते. तिचं नाव आयएसओ. कॅमेरा किती थोड्या उजेडावर भागवून घेईल, हे या खुंटीनं ठरतं.

तिच्यावर १००, २००, ४००, ८००, १६०० असे आकडे असतात. प्रत्येक आकडा मागच्याच्या दुप्पट आहे. आकडा दुप्पट केला की निम्म्या उजेडात तेवढाच उजळ फोटो येतो.

एक हिशेब करू. गोठ्यात अंधारलं आहे. आयएसओ १०० वर आहे. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा आठवा भाग उघडी राहते. आपल्याला हा वेळ थोडा वाटतो. पण तेवढ्यात बोकड मान हलवतो, आपला हातही हलतो. फोटो पुसट येतो. आता आकडा २०० केला, तर सेकंदाचा सोळावा भाग पुरतो. ४०० केला, तर सुमारे तिसावा भाग. ८०० केला, तर साठावा. १६०० केला, तर सुमारे सव्वाशेवा भाग पुरतो. एवढ्या थोड्या वेळात बोकडानं मान हलवली तरी फोटो बहुधा स्वच्छ येतो.

मग सदाच १६०० का ठेवू नये?

भजनाच्या कर्ण्याचं उदाहरण घ्या. बुवांचा आवाज बारीक असला की आपण कर्ण्याची खुंटी फिरवतो. आवाज मोठा होतो. पण त्याबरोबर खरखरही मोठी होते. आयएसओचं अगदी तसंच आहे. उजेड थोडा आला, म्हणून कॅमेरा आतल्या आत त्याचा जोर वाढवतो. उजेडाबरोबर आतली खरखरही वाढते. फोटोत ती रंगीबेरंगी दाण्यांसारखी दिसते. काळ्या बोकडाच्या अंगावर हे दाणे जास्त उठून दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, कातडीला काही झालं आहे.

म्हणून नियम असा. उन्हात १००. ढगाळ दिवशी किंवा सावलीत २०० ते ४००. गोठ्यात किंवा संध्याकाळी ८०० ते १६००. त्याहून वर नाइलाज असेल तेव्हाच. फोटो पुसट येण्यापेक्षा दाणे आलेले बरे, एवढं मात्र ध्यानात ठेवा. दाणेदार फोटोत जनावर निदान ओळखू येतं. हललेल्या फोटोत काहीच कळत नाही.

काळा आणि पांढरा

मामांच्या काळ्या बोकडांनीही आम्हाला एक धडा दिला. फोटोत ते काळे न दिसता राखाडी दिसले. पांढरा मात्र मळकट दिसला.

याचं कारण असं. समोर काय आहे, हे साध्या कॅमेऱ्याला कळत नाही. सगळं जग मध्यम उजळ आहे, असं तो धरून चालतो. काळा बोकड दिसला की त्याला वाटतं, अंधार आहे. मग तो फोटो उजळवतो. पांढरा दिसला की वाटतं, उजेड फार झाला. मग तो काळोखी आणतो.

यासाठी अधिक-उणे चिन्हांचं बटण असतं. काळ्या जनावरासाठी उणे करावं. पांढऱ्यासाठी अधिक करावं. एक घर पुरतं.

पूर्वी कसं होतं?

ही सोय आपल्याला सहज मिळाली आहे. पूर्वीच्या लोकांना ती नव्हती.

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला. १९१३ साली तो मुंबईत गिरगावात लोकांना दाखवला. त्याचं पुष्कळ काम दादरला उन्हाच्या उजेडात झालं. तेव्हाच्या फिल्मला उजेड फार लागे. शिवाय त्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. तांबडं वस्त्र पडद्यावर काळं दिसे. म्हणून कपड्यांचे रंग आणि तोंडाचा रंग विचारानं निवडावे लागत.

पुढे १९३३ साली प्रभात कंपनीनं ‘सैरंध्री’ हा चित्रपट रंगीत करायचं ठरवलं. व्ही. शांताराम त्याचे दिग्दर्शक. रंगाचं काम करून घ्यायला फिल्म जर्मनीला नेली. पण रंग मनासारखे उतरले नाहीत. एवढ्या जाणत्या माणसांनाही रंगानं चकवलं! देवनारच्या शेजारी चेंबूरला राज कपूर यांचा आर. के. स्टुडिओ होता. तो १९४८ साली सुरू झाला. पण त्यांचा पहिला रंगीत चित्रपट ‘संगम’ १९६४ साली आला.

फिल्मच्या कॅमेऱ्यात एकदा गुंडाळी घातली की तिचा आकडा बदलता येत नसे. छत्तीस फोटो संपेपर्यंत तोच आकडा. पूर्वी या आकड्याला अमेरिकेत एक नाव होतं, जर्मनीत दुसरं. १९७४ साली त्यांचं एक माप झालं. तेच आयएसओ. १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन यांनी फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा तयार केला. त्याचं वजन साडेतीन किलोहून जास्त होतं. एक काळा-पांढरा फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. आज तुमच्या खिशातला फोन दर फोटोला नवा आकडा घेतो.

रंग खोटा, तर निदानही खोटं

तुम्ही म्हणाल, “फोटोच तो! थोडा पिवळा आला तर काय बिघडलं?”

बिघडतं. मामांचं गिऱ्हाईक गेलं, हे आपण पाहिलं. कुर्बानीचं जनावर निरोगी आणि बिनखोडीचं लागतं. लोक डोळे पाहतात, दात पाहतात, पाय पाहतात. फोटोवर शंका आली की ते दुसरीकडे जातात.

आजाराचीही गोष्ट आहे. पोटात जंत झाले की शेळीचं रक्त कमी होतं. तेव्हा तिच्या पापणीच्या आतली बाजू फिकी पडते. निरोगी शेळीची तीच बाजू तांबडी असते. दक्षिण आफ्रिकेत यासाठी एक रंगांचं कार्ड काढलं आहे. त्यावर तांबड्यापासून पांढऱ्यापर्यंत पाच रंग असतात. पापणी त्याच्याशी ताडून पाहतात. आता पिवळ्या दिव्याखाली पापणीचा फोटो काढून तुम्ही डॉक्टरांना पाठवला, तर त्यांना काय दिसेल? फिकी पापणी तांबूस दिसेल, नाहीतर काविळीसारखी दिसेल. निदान चुकेल. असा फोटो दिवसाच्या उजेडातच काढावा. शेजारी पांढरा कागद धरावा. म्हणजे डॉक्टरांना उजेडाचा पासंग कळतो. पिकाच्या पानाचा फोटो कृषी अधिकाऱ्यांना पाठवतानाही हेच करावं. आणि फोटो कितीही चांगला असला, तरी जनावर प्रत्यक्ष दाखवणं टाळू नये.

एक गोष्ट मात्र करू नका. खुंट्या कळल्या म्हणून माल आहे त्याहून चांगला दाखवू नका. पिवळसर जनावर पांढरं दाखवता येतं, निस्तेज जनावर तजेलदार दाखवता येतं. पण गिऱ्हाईक बाजारात येऊन जनावर पाहणारच. तेव्हा आपला शब्द आणि आपलं नाव दोन्ही जातं. पासंग काढावा, लावू नये.

मामांचं काय झालं?

आम्ही काढलेला फोटो मामांनी त्याच गिऱ्हाइकाला पाठवला. तासाभरानं तो माणूस स्वतः आला. त्यानं बोकडाचे दात पाहिले. डोळे पाहिले. पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाला, “चाचा, काल रात्री कुठला बकरा दाखवला होता?”

मामा हसले आणि म्हणाले, “ह्योच हुता बाबा. दिवा दुसरा हुता.”

सौदा झाला. आम्ही निघालो, तेव्हा मामांनी वहीचा तो कोरा कागद घडी घालून खिशात ठेवला.

लक्षात ठेवा

१. फोटो काढण्याआधी उजेड कुठला आहे ते पाहा. तसं चित्र निवडा.
२. उजेड ओळखता आला नाही, तर कोरा पांढरा कागद दाखवा.
३. दोन रंगांच्या उजेडात जनावर उभं करू नका. मोकळ्या आभाळाखाली आणा.
४. उजेड भरपूर, तर आयएसओचा आकडा लहान. उजेड कमी, तर आकडा मोठा.
५. काळ्यासाठी उणे, पांढऱ्यासाठी अधिक.
६. जवळून फ्लॅश मारू नका. जनावर बुजतं आणि त्याचे डोळे चमकतात.

करून पाहा

घरातली एक पांढरी टोपी घ्या. तिचे तीन फोटो काढा. एक उन्हात, एक सावलीत, एक दिव्याखाली. तिन्ही वेळा सूर्याचं चित्र ठेवा. तिन्ही फोटो शेजारी ठेवून पाहा. टोपीचा रंग कसा बदलला? मग दिव्याखाली बल्बचं चित्र लावून चौथा फोटो काढा. काय फरक पडला, ते चार ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.